शेजारच्या खोलीतला वर्ग

शिकागोतल्या एका समाजसंस्थेत काही वर्षांपूर्वी आठवड्यातून दोनदा दोन वर्ग एकाच वेळी भरत. एका खोलीत दक्षिण आशियातून येऊन तिथे स्थायिक झालेल्या, चाळिशीच्या आसपासच्या बायका व्यायाम करत. शेजारच्या खोलीत त्यांची सहा ते चौदा वर्षांची मुलं. त्यांनाही तेवढा वेळ खेळ आणि व्यायामच. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉ. नम्रता कंदुला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा प्रयोग. त्यात ३० बायका होत्या आणि तो १६ आठवडे चालला. सगळ्यांना मधुमेहाचा धोका होता, नियमित व्यायामाची सवय एकीलाही नव्हती आणि सगळ्या आया होत्या.

प्रयोग लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शेवटी बायकांचं वजन थोडं उतरलं, तीन महिन्यांची सरासरी साखरही थोडी खाली आली. पण मला या प्रयोगातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती शेजारची खोली. संशोधकांनी आधी बायकांना बोलतं केलं होतं, आणि त्या बोलण्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली होती: स्वतःच्या व्यायामासाठी काढलेला तास म्हणजे घराकडून, मुलांकडून हिरावून घेतलेला तास. ‘मी जरा व्यायामाला जाऊन येते’ हे वाक्य घरात उच्चारायलाच जड. ‘मुलांना क्लासला घेऊन जाते’ हे मात्र कुणालाही सहज म्हणता येतं. दुसऱ्या खोलीने बाईला हे वाक्य दिलं. कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणार नाही असा हा उपाय आहे, आणि पुढचं सगळं प्रकरण त्याच्या अवतीभोवती फिरणार आहे.

आधी हे पाहू की या बायकांच्या मागे व्यायामाचा एवढा लकडा लावायचा कशाला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा शेजारी शेजारी उभा राहून काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंची आणि वजन यांचं गुणोत्तर, म्हणजे ज्याला आपण बीएमआय म्हणतो, ते दोघांचंही तंतोतंत सारखं होतं: २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. हाडापेराने बारीक दिसणाऱ्या आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, तीही बरीचशी पोटाच्या आत, हे त्या एका फोटोने जगभरच्या डॉक्टरांना दाखवून दिलं. पुण्याचा हा शोध न्यू जर्सीतल्या आणि लेस्टरमधल्या बाईलाही तितकाच लागू पडतो, कारण शरीराची ही घडण विमानतळावर मागे राहत नाही.

लंडनच्या साउथॉल भागात पॉल मकीग यांनी १९९१ मध्ये जे मांडलं तेही हेच होतं: दक्षिण आशियाई मंडळींमध्ये मधुमेहाचं प्रमाण शेजारच्या गोऱ्यांच्या कित्येक पट आणि त्याच्या मुळाशी पोटावरची चरबी. अमेरिकेत २०१० साली सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरात ‘मसाला’ नावाचा अभ्यास सुरू झाला. पहिल्या फेरीत ९०६ दक्षिण आशियाई, सगळे चाळिशीच्या पुढचे. अमेरिकेतल्या इतर समाजांच्या समांतर अभ्यासाशी तुलना केली तेव्हा दक्षिण आशियाईंमध्ये मधुमेह २३ टक्के निघाला, गोऱ्यांमध्ये ६, चिनी वंशाच्या लोकांमध्ये १३. म्हणूनच अमेरिकी मधुमेह संघटनेने २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची साखर बीएमआय २३ झाला की तपासावी असं ठरवलं. इतरांसाठी तो आकडा २५ आहे. आरशात ‘बरी’ दिसणारी बाई या दोन आकड्यांच्या मधोमध असू शकते.

यात बाईच्या वाट्याला आणखी एक वळण येतं. भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, म्हणजे अमेरिकी सरासरीच्या चार-पाच वर्षं आधी. त्या सुमारास चरबी मांड्या आणि नितंबांकडून पोटाकडे सरकते, हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, झोप उडते. अमेरिकेत या वयाचा मोठा अभ्यास नव्वदच्या दशकात सुरू झाला, ३,३०० च्या वर बायकांचा. त्यात गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी आणि जपानी वंशाच्या बायका होत्या. आपल्याकडच्या नव्हत्या. आणि जिला गरोदरपणात साखर झाली होती तिचा धोका तर पुढे कित्येक पटींनी वाढतो. बाळंतपण नाशिकला झालेलं असतं, त्याची कागदपत्रं माळ्यावर, आणि डॅलसचा नवा डॉक्टर विचारत नाही. ही गोष्ट आपणहून सांगायची असते. तुम्ही पन्नाशीच्या आत असा की बाहेर, पुढच्या भेटीत जरूर सांगा.

व्यायामाने नेमकं काय होतं? जेवणातून रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायूंमध्ये साठते. एरवी स्नायूंना ती आत घ्यायला इन्सुलिन लागतं, आणि पोटाची चरबी वाढली की स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. पण स्नायू काम करत असताना इन्सुलिनची वाट न पाहताही साखर ओढून घेतो. मांड्या आणि पार्श्वभागाचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. ते हलले तर साखरेला मोठं कोठार मिळतं. ज्यांच्याकडे मुळात कोठारच लहान आहे त्यांचं नुसतं ते वापरून भागत नाही, वाढवायलाही हवं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगते तेव्हा सोबत दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगते. हे दुसरं वाक्य आपल्या बायकांपर्यंत क्वचितच पोचतं.

वजनाच्या काट्याबद्दलही इथेच सांगून टाकते. अमेरिकेतल्या ३,२३४ जणांच्या गाजलेल्या चाचणीत २००२ साली दिसलं की थोडं वजन उतरवून आणि आठवड्याला १५० मिनिटं चालून मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटतो. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ जणांवर तशीच चाचणी केली, तिचे निष्कर्ष २००६ साली आले. तिथे धोका २८.५ टक्क्यांनी घटला, आणि तोही वजन फारसं न उतरता. तीन महिने मन लावून व्यायाम केला, काटा हलला नाही, म्हणून व्यायाम सोडून दिला असं मी कितीतरी बायकांकडून ऐकलं आहे. त्यांना हा चेन्नईचा निकाल कुणीतरी वेळेवर सांगायला हवा होता. काट्यापेक्षा कमरेची टेप बरी: बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही खूणगाठ.

तर मग अडतं कुठे?

एडिंबरात ज्युलिया लॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेह झालेल्या भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांना हाच प्रश्न विचारला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मुलाखती वाचताना स्वतःच्याच मावश्या-काकवा बोलताहेत असं वाटतं. घरची कामं संपत नाहीत. बाहेर अंधार आणि थंडी. एकटीने रस्त्याने भटकणं बरं दिसत नाही. भाषा नीट येत नाही. आणि भीती अशी की आधीच आजारी शरीर, त्यात घाम गाळला, धाप लागली, तर आणखी अशक्तपणा येईल. पूर्व लंडनमधल्या बांगलादेशी लोकांचा ट्रिश ग्रीनहाल्ज यांनी १९९८ मध्ये मांडलेला अभ्यास तर सांगतो की आरोग्यासाठी मुद्दाम करायची शारीरिक हालचाल या कल्पनेलाच त्या समाजात फारसा अर्थ नव्हता.

मराठीत ती कल्पना होती, पण ती तालमीत राहायची. व्यायाम म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो जोर-बैठका मारणारा मुलगा. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्यासारखे अपवाद होते; त्यांनी सूर्यनमस्कार मुलींना आणि बायकांनाही घालायला लावले. लंडनमध्ये त्यांच्या नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली निघालं, आणि ते संपादित केलं लुईस मॉर्गन या बाईंनी. पण औंध हे एक लहानसं संस्थान होतं. बाकीच्या घरांत बाईचा घाम पडायचा तो जात्यावर, विहिरीवर, धुणं बडवताना, उकिडवं बसून सारवताना. त्या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत. त्यांनी बायकांच्या पाठी मोडल्या. फक्त एवढंच की त्या कामांत मांड्यांना, हातांना, पकडीला काम होतं. परदेशातल्या स्वयंपाकघरात ओटा उंच आहे, भांडी मशीन घासतं, गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. कामाचा शीण तोच राहिला, स्नायूंचं काम तेवढं गेलं. ‘दिवसभर पायाला भिंगरी असते, आणखी कसला व्यायाम?’ असं म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. ती खरोखर दमलेली असते. तिला धाप मात्र दिवसभरात एकदाही लागलेली नसते.

अशा बाईसाठी कार्यक्रम आखताना पहिली उडी पडते ती गाण्यांवर. हिंदी सिनेमाची गाणी लावा, पत्रकावर साडीतल्या बाईचा फोटो छापा, झालं. अमेरिकी संशोधक केन रेस्निकाव यांनी १९९९ च्या सुमारास एक उपयोगी भेद मांडला. संस्कृतीला धरून केलेल्या आखणीचे दोन थर असतात. वरचा थर म्हणजे भाषा, गाणी, चेहरे, जागा. खालचा थर म्हणजे त्या माणसांच्या आयुष्याला हलवणाऱ्या गोष्टी: घरात कुणाचा शब्द चालतो, लाज कशाची वाटते, जबाबदारी कशाला म्हणतात. वरच्या थराने माणूस दारापर्यंत येतो. टिकतो तो खालच्या थरामुळे. शिकागोची दुसरी खोली खालच्या थरातली होती. वर्ग फक्त बायकांचा असणं, खिडक्यांना पडदे असणं, सलवार-कमीज घालून आलीस तरी चालेल पण पायात चपला नकोत, बूट हवेत असं प्रेमाने सांगणं, हेही त्याच थरातलं.

वरचा थर निरुपयोगी आहे असं मात्र नाही. उत्तर कॅलिफोर्नियात मधुमेह असलेल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी बॉलिवूड नृत्याचे वर्ग घेतले गेले, आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत नाचणाऱ्या बायकांच्या सरासरी साखरेत उतार दिसला, आणि ज्या १६ पैकी निदान १० वर्गांना आल्या त्यांच्या वजनातही. नाचाचा गुण हाच की माणूस दहाव्यांदा परत येतो. ट्रेडमिलवर दहाव्यांदा यायला वेगळा स्वभाव लागतो.

आता न आवडणारी बातमी. शिकागोच्या त्याच मंडळींनी पुढे ‘सहेली’ नावाची मोठी चाचणी केली. ५४९ स्त्री-पुरुष, समाजातच भरणारे गटवर्ग, आपल्या भाषेत, आपल्या आहारासह. तुलनेच्या गटाला फक्त छापील माहिती मिळत होती. २०२४ मध्ये निकाल आला: वर्षाअखेर वजन, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांत दोन गटांमध्ये ठसठशीत फरक नव्हता. वर्गांना गेलेल्यांनी आपला आहार आणि हालचाल सुधारल्याचं सांगितलं, ‘मला हे जमेल’ हा विश्वास वाढला, पण रक्ताच्या अहवालात ते उतरलं नाही. मधेच कोविड आला आणि वर्ग पडद्यावर गेले, हे खरं. तरीही हा निकाल दडवून ठेवू नये. आपलेपणा म्हणजे गुण नव्हे. संस्कृतीला धरून आखलेला व्यायाम शेवटी व्यायाम असावा लागतो: पुरेसा जोराचा, पुरेसा वेळ, पुरेसे महिने. स्कॉटलंडमध्ये राज भोपाल यांच्या १७१ जणांच्या चाचणीत आहारतज्ज्ञ एका गटाच्या थेट घरी तीन वर्षांत १५ वेळा गेले, सगळ्या कुटुंबाशी बोलले. एवढं करून दोन गटांच्या वजनातला फरक निघाला १.६४ किलोचा. मला तो आकडा निराश करत नाही. तीन वर्षं टिकलेला दीड किलो हा तीन महिन्यांत उतरून परत आलेल्या सहा किलोंपेक्षा कितीतरी मोठा आहे.

जोराचं मोजमाप कसं करायचं याचं एक उत्तर आपल्याच घरात आहे. डॉक्टर सांगतात, मध्यम जोराचा व्यायाम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही असा. मंगळागौरीचे खेळ आठवा. झिम्म्याला सगळ्या गातात. फुगडीचा वेग वाढला की शब्द सुटतात आणि तोंडात उरतो तो नुसता पकवा. धापेची मोजपट्टी खेळातच बसवलेली आहे. गाणं शेवटपर्यंत नीट म्हणता येत असेल तर वेग कमी पडतो आहे, एवढं कळलं तरी पुरे. आणि खेळांची विविधता पाहा: कोंबड्यात उकिडवं बसून उड्या, बसफुगडीत मांड्यांचा कस, गाठोड्यात तोल, पिंग्यात वाकणं आणि घुमणं. पाळी जायच्या वयात हाडांना जो धक्का आणि भार लागतो तो यातल्या उड्यांमधून मिळतो. गुडघा दुखत असेल तर कोंबडा आणि बसफुगडी सोडून खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं करावं. मांडीला काम तेच मिळतं. आणि चढावर छातीत दाब येत असेल, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखत असेल, तर खेळ राहू द्या, आधी डॉक्टर.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांमध्ये मंगळागौरीचे गट आहेत. लंडनचं मंडळ १९३२ पासूनचं, शिकागोचं १९६९ चं. अमेरिकेत लेझीम आणि ढोलताशाची पथकंही उभी राहिली आहेत. पण त्यांचं वेळापत्रक सणाला बांधलेलं असतं. मे-जूनमध्ये तालमी सुरू होतात, आठवड्यातून दोन, कधी तीन. बायका तासभर घाम गाळतात, एकमेकींना गाडीने आणतात-सोडतात, घरचेही कुरकुर करत नाहीत, कारण ‘मंडळाचा कार्यक्रम आहे’. श्रावणात नऊवारी नेसून प्रयोग होतो, फोटो निघतात, आणि दुसऱ्या आठवड्यात तो तास पुन्हा घरकामात विरघळून जातो. माझ्या मते आजार टाळण्याचं काम प्रयोगात नाही, तालमीत आहे. संशोधकांनी पैसा आणि वर्षं घालून जे उभं केलं ते, म्हणजे ओळखीच्या बायका, ओळखीची गाणी, घराला मान्य असलेलं निमित्त, या गटांपाशी आयतं आहे. नाही ती फक्त सप्टेंबर ते एप्रिलची हॉलची नोंदणी.

उरलेल्या दिवसांसाठी शतपावली. हा शब्द आपल्या आज्यांनी सांभाळून ठेवला आणि आपण तो सोफ्यावर बसून विसरलो. अमेरिकेत लॉरेटा डिपिएत्रो यांनी २०१३ मध्ये साखरेचा धोका असलेल्या दहा वयस्क लोकांवर एक छोटा प्रयोग केला. सकाळी एकदा ४५ मिनिटं चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं यांची तुलना. दिवसभराची साखर दोन्हींनी सावरली, पण रात्रीच्या जेवणानंतर चढणारी साखर खाली ठेवण्यात जेवणानंतरचं चालणंच सरस ठरलं. शंभर पावलं नव्हे, पंधरा मिनिटं. बाहेर बर्फ असेल तर घरातल्या जिन्यापासून मागच्या दारापर्यंत येरझाऱ्या घाला, फोनवर बहिणीशी बोलत घाला. तुम्ही अमेरिकेत असाल तर रात्रीच्या त्या वेळी पुण्यात सकाळ झालेली असते, ती चहा घेत बोलेल. आठवड्यातून दोनदा तांदळाच्या पिशव्या हातात धरून उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर. पाच किलोची तांदळाची पिशवी कुठल्याही भारतीय दुकानात मिळते, डंबेल आणायला वेगळं जायला नको.

एखाद्या मंडळातल्या कुणाला हे वाचून काही करावंसं वाटलं तर यंदाचा प्रयोग झाल्यावर गटाच्या व्हॉट्सअॅपवर ‘छान झाला कार्यक्रम’ लिहिण्याआधी पुढच्या मंगळवारची वेळ टाका. हॉल मिळाला नाही तर कुणाचं तळघर चालेल, गालिचा गुंडाळून ठेवला म्हणजे झालं. आणि मुलांसाठी शेजारची खोली रिकामी आहे का, हे त्याच निरोपात विचारा.